आमची अनुदानित घरशाळा

मध्यमवर्गीय घराने एका वेळी एकच क्रांती करावी. आम्ही दोन केल्या. मुलांची शाळा बंद करून त्यांना घरी शिकवायचं ही नवऱ्याची, आणि वीस वर्षांचं गृहकर्ज मुदतीच्या पुष्कळ आधी फेडून टाकायचं ही माझी. दोन्ही ठराव एकाच दिवाळीत, फराळाचं ताट समोर असताना मंजूर झाले. चकली चांगली झाली की आमच्या घरात विरोधी पक्ष उरत नाही.

गंमत अशी, की या दोन क्रांत्या एकमेकींच्या सवती आहेत. कर्ज लवकर फेडायचं तर घरात दोन पगार लागतात. मुलांना घरी शिकवायचं तर दोघांपैकी एकाने घरी बसावं लागतं. म्हणजे बँकेकडून घर सोडवण्यासाठी घराबाहेर पडायचं आणि मुलांना शिकवण्यासाठी घराबाहेर पडायचं नाही. तोडगा एकच होता: मी बाहेर पडते, तो घरी थांबतो. माझा पगार आणि त्याची तत्त्वं यांवर आमचा संसार चालतो. दोन्हींतून कपात होते. पगारातून सरकार करतं, तत्त्वांतून सासूबाई.

आधी कर्जाचं सांगते, कारण त्यात आकडे आहेत आणि आकडे माझ्या बाजूचे आहेत. पुण्यात धायरीतला फ्लॅट, चाळीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता ३४,७१३ रुपये. पहिल्या हप्त्यातले २८,३३३ रुपये व्याजात जातात आणि मुद्दलातून वजा होतात ६,३८०. वर्षभर इमानेइतबारे हप्ते भरले की खिशातून चार लाख सोळा हजार जातात आणि कर्ज उतरतं जेमतेम ऐंशी हजारांनी. दर तोच राहिला असं धरलं, तर हप्त्यात व्याजापेक्षा मुद्दलाचा वाटा मोठा व्हायला जवळजवळ बारा वर्षं लागतात, आणि निम्मं कर्ज फिटायला चौदा. चाळीस लाखांचे त्र्याऐंशी लाख भरून झाले, की आपण पेढे वाटतो. ते पेढे वेगळे.

यावर उतारा म्हणजे मुद्दलात जादा पैसे भरणं. बँकेच्या भाषेत 'पार्ट पेमेंट'. कर्ज नवंकोरं असताना जादा भरलेले दहा हजार रुपये शेवटाकडचे साधारण चोपन्न हजारांचे हप्ते पुसून टाकतात. दर वर्षी नुसता एक हप्ता जास्तीचा भरला तरी वीस वर्षांचं कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी संपतं. हे गणित एकदा डोक्यात शिरलं, की माणूस चारचौघांत बसण्याच्या लायकीचा उरत नाही. मी कुठल्याही वस्तूच्या किमतीला साडेपाचाने गुणते. एकशेवीस रुपयांची मिसळ मला साडेसहाशेची दिसते. चाळीस हजारांचा सोफा दोन लाखांच्या वर जातो, म्हणून आमच्या दिवाणखान्यात अजून सतरंजी आहे. पाहुण्यांना नवरा सांगतो, जमिनीवर बसण्याने मुलांचा पाठीचा कणा चांगला राहतो. मी गप्प बसते. त्याचं तत्त्वज्ञान माझ्या काटकसरीला आयतं अस्तर लावतं. या लग्नात मला मिळालेल्या सोयींपैकी ही एक.

मुलीने एकदा आजीला साडेपाचाचा पाढा विचारला. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वडलांनी आमच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी करून घेतली. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. त्याच्यापुढं कुणाला काही लागत नव्हतं. साडेपाचकी लागेल असं कर्ज तेव्हा कुणी काढत नव्हतं."

जादा पैसे भरायला बँकेत गेलं, की काउंटरपलीकडच्या माणसाचा चेहरा पडतो. रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच सांगून ठेवलंय, की तरंगत्या दराच्या गृहकर्जावर बँकांनी मुदतपूर्व फेडीचा दंड घेऊ नये. दंड गेला, पण सल्ला राहिला.

"मॅडम, इथे कशाला पैसे अडकवता? एक छान पॉलिसी आहे."

"मुद्दलात जमा करा."

"मग हप्ता कमी करून देऊ?"

"मुदत कमी करा."

"हप्ता कमी झाला तर दर महिन्याला हातात थोडे..."

"मुदत."

त्याने आत जाऊन साहेबांना विचारलं. साहेबांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी घरून लिहून आणलेला अर्ज पुढे सरकवला. त्यात 'मुदत' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. दुसरी रेघ सासूबाईंनी मारलेली. अर्जाची पोच शिक्क्यासह घेतल्याशिवाय सरकारी कागद हलत नाही, ही शिकवणही त्यांचीच. बँक सरकारी नाही हे त्यांना मान्य नाही.

आणि इतकं करून आपण चार पावलं पुढे सरकावं, तर दरच उठून चालू लागतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चारावरून साडेसहा टक्क्यांवर गेला. आमच्या बँकेने हप्ता तोच ठेवला आणि मुदत वाढवली. विचारलं नाही, नुसतं कळवलं. त्या पत्रातली शेवटच्या हप्त्याची नवी तारीख सासूबाईंनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, "अगं, तेव्हा तू रिटायर झालेली असशील." पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की हप्ता वाढवायचा की मुदत, हे बँकांनी कर्जदाराला निवडू द्यावं. २०२५ मध्ये दर उतरायला लागले, तेव्हाचं पत्र मी फ्रेम करून लावणार होते. पण फ्रेमही साडेपाचपट पडते.

आता दुसरी सवत. नवरा सॉफ्टवेअरमध्ये होता. त्याने गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' वाचलं. ते पुस्तक वाचून काही जण चांगले शिक्षक होतात. हा शाळेचा शत्रू झाला. त्या पुस्तकातला मास्तर प्रयोग करतो तो शाळेत राहूनच, मुलांना घेऊन घरी बसत नाही, हे मी नम्रपणे दाखवून दिलं. त्यावर 'तू आशय धर, तपशिलात शिरू नकोस' असं उत्तर आलं. सॉफ्टवेअरवाल्याच्या तोंडी हे वाक्य शोभत नव्हतं.

घरी शिकवणं हे काही अमेरिकेतलं खूळ नाही, महाराष्ट्राची परंपरा आहे, असं तो नातेवाइकांना सांगतो. उदाहरणं तयार असतात. रमाबाई रानडे १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या आणि माधवरावांनी त्यांना घरीच शिकवलं. पंडिता रमाबाईंना आईने संस्कृत शिकवलं, तेही तीर्थयात्रेत फिरता फिरता. गोपाळराव जोशी पोस्टात कारकून होते. बदली होईल तिथे आनंदीबाईंना शिकवत राहिले, आणि त्या १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाल्या. सगळं खरं आहे. पण यातल्या कुणालाही दर महिन्याच्या पाच तारखेला ३४,७१३ रुपये खात्यात ठेवायचे नव्हते. शिवाय रमाबाई रानड्यांच्या शिकण्यावरून घरातल्या बायकांनी त्यांना नको जीव करून सोडलं, हेही त्यांनी आठवणींत लिहून ठेवलंय. आमच्याकडे ती बाजू मोठ्या आत्याबाईंनी सांभाळली. "पोरं मिसळणार कुणात?" हा त्यांचा प्रश्न. त्यांचा स्वतःचा मुलगा इंजिनिअर आहे, चांगल्या शाळेत शिकलाय आणि लग्नकार्यात गाडीतून उतरत नाही.

कायद्याचं म्हणाल तर शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, वयोगट सहा ते चौदा. त्यात घरशाळेला मोकळी परवानगी नाही आणि उघड मनाईही नाही. आपल्याकडच्या पुष्कळ सुखांची कायदेशीर स्थिती हीच आहे. दहावीचं काय, हा दुसरा हुकमी प्रश्न. त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. वयाची चौदा वर्षं झाली की तिथून दहावीला बसता येतं. नाहीतर आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच. पण 'सतरा नंबर' म्हटलं, की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. आपल्याकडे सतरा नंबर नापासांनी, पळून गेलेल्यांनी आणि पहिलवानांनी भरायचा असतो. आमच्या मुलीचं नाव या यादीत येणार म्हणून आत्याबाई आतापासून हळव्या आहेत.

घरशाळेने फीचे पैसे वाचतील आणि ते कर्जात भरता येतील, ही माझी दिवाळीतली आशा होती. ती अर्धी खरी ठरली. फी वाचली, बस वाचली, दर जूनला बदलणारे बूट वाचले. बालभारतीची पुस्तकं तर संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. पण मग कळलं, की घरशाळेत शाळा सोडून बाकी सगळ्याचे पैसे पडतात. तबला, पोहणं, मातीकाम, आणि एका शिबिराचे इतके, की तेवढ्यात मी मुदत दोन महिन्यांनी खाली आणली असती. त्या शिबिरात मुलं काय शिकली? झाडाला मिठी मारायला. आमच्या सोसायटीत झाड एकच आहे आणि त्याला बिल्डरने पांढरा चुना मारून नंबर दिलाय.

या बाबतीत मला खरा आधार मिळाला तो अरविंद गुप्तांचा. पुण्यात आयुकाच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिथे त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. स्ट्रॉची पिपाणी, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे त्रिकोण-चौकोन, विद्युतघट आणि तांब्याच्या तारेची फिरणारी मोटर. खर्च शून्य, शिक्षण पूर्ण. कर्ज फेडणाऱ्या आईला यापेक्षा सुंदर शैक्षणिक विचार माहीत नाही. तोटा एवढाच, की तेव्हापासून आमच्या घरातून एकही खोकं, झाकण किंवा फुटका पेन बाहेर गेलेला नाही. बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांखाली 'साहित्य' पडलेलं असतं. मुलाने एकदा माझ्या चपलेचा बंद 'साहित्यात' जमा केला. ऑफिसला निघायच्या वेळी मी तो मागितला, तर बाप म्हणाला, "थांब ना जरा, त्याचा विचार चाललाय."

सासूबाई वेल्हे तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या. द्विशिक्षकी शाळा. दुसरे गुरुजी बहुतेक वेळ तालुक्याला मीटिंगमध्ये, त्यामुळे पहिली ते चौथी एका खोलीत आणि फळा एक. त्या आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा घरशाळा सुरू होऊन काही दिवस झाले होते. पहिल्या सकाळी त्यांनी पाहिलं, की नऊ वाजले तरी धाकटा पांघरुणात आहे, मोठी खिडकीत बसून कबुतरं बघतेय आणि त्यांचा मुलगा 'ती निरीक्षण करतेय' म्हणून तिला हलू देत नाहीये.

"वेळापत्रक कुठाय?" त्यांनी विचारलं.

"आई, वेळापत्रक नसतं. मूल आपल्या गतीने शिकतं."

"तुझी गती कुठं तुझी होती? छडी होती म्हणून चाललास."

त्यांचं म्हणणं, दोन पोरांना शिकवायला एक अख्खा माणूस घरी बसतो हेच मुळात चैनीचं आहे. "आमच्याकडं चाळीस पोरं, चार वर्ग आणि वर जनगणना होती." त्यात खोटं काही नव्हतं. एका कोपऱ्यात दुसरीला वजाबाकी घालून, दुसऱ्या कोपऱ्यात चौथीला भूगोल सांगत, मध्येच चुलीवरच्या खिचडीकडे नजर ठेवणारी बाई आमच्या घरात आयती आली होती. शिक्षणशास्त्रातले लोक याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात आणि त्यावर प्रशिक्षणं घेतात. सासूबाई त्याला 'मंगळवार' म्हणायच्या.

पण मुलगा आपल्या तत्त्वावर ठाम, आणि घरशाळेचा मुख्याध्यापक तो. आईला फक्त कबुतरांच्या निरीक्षणात भाग घ्यायची मुभा होती. हे सगळं बदललं ते एका अफवेमुळे.

नवऱ्याचं एक म्हणणं मला मान्य आहे: मुलांनी घरातल्या खऱ्या गोष्टींवरून शिकावं. म्हणून मुलीला शेकडेवारी शिकवायला मी आमच्या कर्जाचा तक्ता काढला. मुद्दल कुठलं, व्याज कुठलं, शिल्लक किती. सत्तेचाळीस, सदतीस यांत ती अडखळते, म्हणून नवरा २०१९ पासून बालभारतीच्या पुस्तकात आलेल्या रीतीने 'चाळीस सात', 'तीस सात' म्हणायला लावतो. मग सासूबाई स्वयंपाकघरातून 'सत्तेचाळीस!' 'सदतीस!' असं ओरडतात. अशा द्विभाषिक वातावरणात मुलीला शेकडेवारी उत्तम आली. तिने त्यातून निष्कर्षही काढला. "म्हणजे आई, हॉल आणि किचन आपलं झालं आणि दोन्ही बेडरूम अजून बँकेच्या."

हा निष्कर्ष तिने संध्याकाळी खाली खेळताना सांगितला. आता सोसायटीच्या बाजूने विचार करा. दिवसा घरी असणारा बाप. शाळेत न जाणारी दोन मुलं. सोफा नाही. आणि मुलगी स्वतःच्या तोंडाने सांगतेय, की बेडरूम बँकेच्या. आठवड्याच्या आत अख्ख्या विंगला कळलं, की आमचं दिवाळं निघालंय.

लोक फार चांगले असतात, आणि त्याचा त्रास होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी रविवारी पुरणपोळ्या पाठवल्या आणि 'डबा परत द्यायची घाई नाही' असं सांगितलं. खालचे काका नवऱ्याला लिफ्टमध्ये गाठून म्हणाले, "माझ्या मेव्हण्याच्या वर्कशॉपमध्ये एक जागा आहे. कमीपणा वाटून घेऊ नका." कुणी त्र्यंबकेश्वराला जाऊन नारायण नागबळी करायला सुचवलं. वॉचमनने माझ्या स्कूटीला हात करून थांबवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, बँकेचे लोक आले तर मी वर सोडत नाही." एक इस्टेट एजंट तर थेट दारात आला. घाईत विकणाऱ्यांकडून घेणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे होतं. त्याने सतरंजीकडे पाहिलं आणि भाव आणखी खाली आणला.

खरं काय ते सांगायचा मी प्रयत्न केला. "आम्ही कर्ज मुदतीआधी फेडतोय" असं म्हटलं, की समोरची बाई माझा हात हातात घ्यायची. बुडालेली माणसंही असंच म्हणतात, असा तिचा अनुभव असावा. शेवटी मी बोलणं सोडलं आणि पुरणपोळ्या घेत राहिले. पुरणपोळीला साडेपाचाने गुणलं, की त्या रविवारी आमची चांगली बचत झाली होती.

सासूबाईंना मात्र हे लागलं. वेल्ह्यात त्यांना लोक बाई म्हणायचे, रस्त्यात वाकून नमस्कार करायचे. इथे त्यांच्या नातवंडांना कुणी जुने कपडे आणून देत होतं. रात्री त्यांनी कपाटातून पासबुक काढलं. शिक्षकांच्या पतसंस्थेतल्या ठेवीचे काही पैसे होते, वर पेन्शन होती. "हे तुझ्या मुद्दलात घाल," त्या मला म्हणाल्या. "दर वर्षी देत जाईन." मग मुलाकडे वळल्या. "पण मग शाळा अनुदानित झाली, हे ध्यानात ठेव. अनुदान आलं की खातं आलं."

महाराष्ट्रात शिक्षणाचं एवढं अचूक धोरण एवढ्या कमी शब्दांत कुणी मांडलं नसेल. विनाअनुदानित होतो तोवर नवरा स्वतंत्र होता, कबुतरं होती. अनुदान मंजूर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी भिंतीवर वेळापत्रक आलं. साडेसातला परिपाठ: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष. दोन मुलांची रांग उंचीप्रमाणे. हजेरीपट आला, त्यात दोन नावं आणि खाली 'एकूण पट २, हजर २' अशी रोजची बेरीज. धाकट्याला ताप आला त्या दिवशी 'हजर १' लिहिलं. तो पलीकडच्याच खोलीत झोपला होता. दुपारी पोषण आहार म्हणून खिचडी, आणि ती आधी स्वतः चाखून चव-नोंदवहीत सही. भिंतीला खिळ्याला अडकवलेलं शेरेबुकही आलं. मी ऑफिसातून आले, की पालक म्हणून त्यात शेरा लिहायचा. एकदा मी थकून 'ठीक' लिहिलं, तर 'शेरा सविस्तर असावा' अशी लाल शाईत सूचना मिळाली. मुख्याध्यापकांना, म्हणजे नवऱ्याला, किरकोळ रजेचा अर्ज द्यावा लागतो. तो त्याने तत्त्व म्हणून दिला नाही, तेव्हा त्याच्या नावापुढे 'अनधिकृत' असं लिहिलं गेलं.

तरी मला कबूल केलं पाहिजे, मुलं खूश आहेत. मोठीला औटकी पाठ झालीय. गुप्त भाषा समजून ती आणि धाकटा आपसात तीच बोलतात. धाकट्याला परिपाठात सुविचार सांगायचा असतो. तो रोज एकच सांगतो: "मुदत कमी करा."

या शाळेची खरी तपासणी झाली ती शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाच्या वेळी. महापालिकेच्या शाळेतल्या एक तरुण बाई पिशवी आणि तक्ते घेऊन दारात आल्या. सोसायटीतून त्यांना कळलं असणार. "या घरात सहा ते चौदामधलं शाळेत न जाणारं मूल आहे का?" नवऱ्याने घसा साफ केला. गिजुभाईंपासून सुरुवात होणार हे मला दिसलं. तेवढ्यात सासूबाई आतून हजेरीपट घेऊन आल्या.

"बसा बाई. कितवं घर आजचं?"

ते ऐकून त्या पोरीने अंग सैल सोडलं. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलं मोजायची मोहीम झाली होती. मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावायची होती. सासूबाई तेव्हा पावसात वीटभट्टीवर आणि मेंढपाळांच्या पालांवर फिरल्या होत्या. दोघी चहा पीत त्याबद्दलच बोलत बसल्या. ऊसतोडीच्या हंगामात पट कसा रिकामा होतो, भट्टीवरची पोरं दोन आठवड्यांत दुसऱ्या गावाला कशी जातात, आणि फॉर्मात त्यांच्यासाठी रकाना कसा नसतो. आमच्या मुलांसाठीही रकाना नव्हता. घरी आहे, शिकतोय, उपाशी नाही, कामाला जात नाही, आजी माजी शिक्षिका. असा रकाना सरकारने अजून छापलेला नाही. त्या बाईंनी हजेरीपट चाळला, शेरेबुक पाहिलं, मोठीला दोन गणितं घातली आणि निघताना सासूबाईंच्या पाया पडल्या. फॉर्मात काय लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. आमच्या शेरेबुकात मात्र लिहिलं: 'परिपाठ उत्तम.' नवरा तेव्हापासून जरा अबोल आहे.

राहता राहिला माझा भाऊ. तो सीए आहे आणि भाऊबीजेला ओवाळणीपेक्षा सल्ला मोठा देतो. कर्ज फेडू नकोस, तेच पैसे एसआयपीत घाल, जुन्या करप्रणालीत व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत सूट मिळते, ती घालवतेस. मी त्याला विचारलं, तीस टक्क्यांच्या पट्टीतल्या माणसाचा त्यात सेससकट फायदा किती? ६२,४०० रुपये. म्हणजे बँकेला दोन लाख द्यायचे, कारण सरकार त्यातले साठ-बासष्ट हजार सोडणार आहे. तो म्हणाला, "ताई, इतकं सोपं नसतं ते." नसेल. त्याचा बाजारावर विश्वास आहे आणि वीस वर्षांत तो बरोबरही ठरेल. पण बाजार पडला की तो रात्री दोनला उठून मोबाइल बघतो, हे मला वहिनीकडून कळलंय. मुद्दलात भरलेले पैसे रात्री दोनला कुणाला उठवत नाहीत. नव्या करप्रणालीत तर राहत्या घराच्या व्याजाची ती सूटही नाही, त्यामुळे यंदाच्या भाऊबीजेला सल्ला आला नाही, नुसती ओवाळणी आली. ती मी मुद्दलात भरली.

दोन्ही क्रांत्या एकदम करू इच्छिणाऱ्यांनी आधी घरात पेन्शन घेणारी, द्विशिक्षकी शाळेत उमेदवारी केलेली सासू आहे का ते पाहावं. नसेल तर मुलांना शाळेत घाला आणि कर्ज तेवढं फेडा. किंवा मुलांना घरी ठेवा आणि कर्ज त्याच्या चालीने फिटू द्या. माझं मत स्पष्ट आहे. नवऱ्याचं वेगळं आहे, पण त्याची अनधिकृत रजा चालू आहे.

आणि ज्यांचं कर्ज फिटत आलंय त्यांना एक सांगणं. शेवटचा हप्ता भरून पेढे वाटायला पळू नका. सोसायटीच्या आणि नोंदणीच्या कागदांवरून बँकेचा बोजा उतरवून घ्या आणि घराचे मूळ कागद मागून घ्या. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत ते परत करायचे आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. सासूबाईंनी हा नियम हजेरीपटाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय. दिवसाला ५,००० म्हणजे महिन्याला दीड लाख, आणि ते त्यांच्या पेन्शनपेक्षा पुष्कळ जास्त आहे. बँकेने भरपूर उशीर करावा, असं त्यांना मनापासून वाटतं.